वावरातला गोट्यांचा गोल: ठेवायचा की काढायचा?

संत्राबर्फी

नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या पट्ट्यात आमचं वडिलोपार्जित वावर आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल. शेती दादा (चुलतभाऊ) करतो. मी दिवाळीत आणि उन्हाळ्यात उगवणारी भागीदार.

धुऱ्याजवळच्या चढावर मोठ्या काळ्या गोट्यांचा एक गोल आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत माझी सतरा पावलं. बहुतेक गोटे गुडघ्याएवढे, दोन-तीन कमरेएवढे. मधला भाग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा हातभर उंच आणि तिथे नुसते गोलसर लहान दगड, नदीतून आणून टाकल्यासारखे. लहानपणी आमची भातुकली तिथेच मांडलेली असायची.

आता दादाला संत्रा लावायचा आहे आणि ठिबकची नळी नेमकी गोलातून जाते. जेसीबीवाला म्हणतो अर्ध्या दिवसात सपाट करून देतो, वर गोटेही तोच नेणार. गावातला एक मास्तर म्हणाला की ही इसवी सनापूर्वीची थडगी आहेत, हात लावू नका. दुसरा म्हणाला, सरकारला कळलं तर सातबारा गेलाच समजा. तिसऱ्याने डोळे बारीक करून विचारलं, "खाली काही निघालं का?"

तर हे नक्की काय आहे? आणि काय करावं? दादाला आठ दिवस थांब म्हटलंय.

कटिंग_चाय

पहिला नंबर. खुर्ची टाकून बसलोय.

मुरूम_माती

तुमचा मास्तर बरोबर आहे. वर्णनावरून हे महापाषाणीय शिळावर्तुळ, म्हणजे मोठ्या शिळांचं कडं असलेलं प्राचीन थडगं वाटतं. विदर्भात, त्यातही नागपूरच्या आसपास, अशी वर्तुळं झुंडीने आहेत. तुमच्याच रस्त्यावर जुनापाणीला सुमारे ३०० आहेत. शिवाय माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, रायपूर, भागीमोहारी, वर्धेकडे खैरवाडा. काळ ढोबळमानाने इसवी सनापूर्वी १००० ते ३००.

रचना साधी असते. मेलेल्या माणसाची हाडं (बरेचदा अख्खा सांगाडा नाही, वेचलेली हाडं), सोबत भांडी आणि लोखंडी वस्तू. त्यावर चिकट काळी माती, तिच्यावर गोट्यांचा ढीग आणि कडेने मोठ्या शिळांचं कडं. तुम्ही सांगताय तो हातभर उंचवटा म्हणजे तो ढीग. मुळात तो आणखी उंच असणार, अडीच-तीन हजार पावसाळ्यांनी बसवला.

थोडक्यात, तुमची भातुकली कोणाच्या तरी छातीवर मांडली होती. वाईट वाटून घेऊ नका, त्यांना सोबत झाली असेल.

वऱ्हाडी_ठेचा

अवो ताई, त्या गोट्यायले हात नोका लावू देऊ. आमच्या इकडं एकानं असेच गोटे उचलून गोठ्याचा पाया भरला. पंधरा दिवसात गायीनं दूध देनं बंद केलं.

गाय म्हातारी होती, थे वेगळं.

सदू_शंकेखोर

धाग्याचं वळण आताच रोखतो. भूत-शाप-कोप हा भाग बाजूला ठेवू. शेतकऱ्याच्या बाजूने कोणीच बोलत नाहीये. वर्तुळं शेकड्यांनी आहेत म्हणता, जुनापाणी सरकारने संरक्षित केलंय, इतर ठिकाणी विद्यापीठाने खणून झालंय. मग या एका गोलापायी कोणी आपलं वावर का अडवून ठेवावं? तीनशे एकावं थडगं ज्ञानात काय भर घालणार?

डोंगरवेडा

सदूभाऊ, तीनशे किल्ले आहेत म्हणून तीनशे एकावा पाडायचा का? :)

जुनापाणीला दोनदा जाऊन आलोय. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही, झुडपं आणि दगड. मग एका गोलाच्या मधोमध उभा राहिलो, वळून पाहिलं, पलीकडे दुसरा, त्याच्या मागे तिसरा. एकदा नजर बसली की सगळं माळरान वर्तुळांनी भरून जातं. पावसाळ्याच्या तोंडावर जा, गवत वाढलं की अर्धे गोल गायब होतात.

मुरूम_माती

सदू यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

जुनापाणीला पहिली खणाखणी रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने केली, त्याचा लेख १८७९ चा. युरोपातल्या थडग्यांशी असलेलं साम्य पाहून तो चकित झाला होता. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी तिथे तीन वर्तुळं खणली. तीनशेतली तीन. मग आधी नागपूर विद्यापीठात आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असलेल्या शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड अशी कामं केली आणि विदर्भाच्या लोहयुगाला चेहरा आला.

माहुरझरीला घोडे सापडले, तोंडावर चढवायच्या तांब्याच्या दागिन्यांसकट. काही ठिकाणच्या घोड्यांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, म्हणजे मालकाबरोबर घोडाही मारून पुरला. लोखंडाच्या कुऱ्हाडी, त्यांना दांड्याशी आवळून धरणाऱ्या आडव्या पट्ट्या, छिन्न्या, खंजीर, लगामाच्या कड्या. तांब्याची झाकणं, वर पक्षी बसवलेली. काळी-तांबडी भांडी तर असतातच. नायकुंडला पेंच नदीकाठी लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. वक्राकार विटांनी बांधलेली, भात्याच्या मातीच्या नळ्या आणि लोहमळीसकट (लोखंड गाळल्यावर उरणारा मळ). काळ साधारण इसवी सनापूर्वी ७००.

यातली बरीच माहिती वस्तूंपेक्षा त्यांच्या जागेवरून मिळाली. लगाम घोड्याच्या तोंडापाशी होता की माणसाच्या उशाशी, भांडं हाडांच्या वर होतं की खाली. जेसीबीने काढलं की कुऱ्हाड मिळेल, पण ती कोणाची होती हे गेलं. तीनशे एकावं थडगं न खणताच ठेवायचं. पुढच्या पिढीकडे आपल्यापेक्षा बरी साधनं असतील.

कटिंग_चाय

घोडा पुरला?! म्हणजे त्या काळी गाडी नावावर करून देण्याऐवजी सोबतच नेत होते.

भीमाकाठ

आम्ही शिरूरकडचे, त्यामुळे इनामगाव सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६८ ते ८३ तिथे डेक्कन कॉलेजने खोदलं. ते लोक तुमच्या गोलवाल्यांच्या आधीचे, ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरणारे. त्यांनी माणसं गावाबाहेर नेलीच नाहीत, राहत्या घराच्या जमिनीखाली पुरली. लहान मुलं दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून आडवी. मोठ्या माणसांचे पाय मात्र घोट्याखाली तोडलेले. परत येऊ नये म्हणून, असा अंदाज केला जातो. आणि एक गृहस्थ चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवलेले. त्यांचे पाय शाबूत. गावचे मुखिया असावेत म्हणतात.

वऱ्हाडी_ठेचा

म्हंजे पुढाऱ्याचे पाय तेव्हाबी कोनी धरले, तोडले नाही.

भीमाकाठ

:D दंडवत घ्या.

नीलाक्षी

गोट्यांवर वाटीसारखे खळगे आहेत का पाहा. जुनापाणीच्या शिळांवर तसे खळगे रांगेत कोरलेले आहेत आणि काही अभ्यासकांनी त्यांच्या दिशांचा संबंध खगोलाशी जोडला आहे. त्या लोकांना पेरणीसाठी पावसाचा अंदाज लागत असणार, तेव्हा सूर्याच्या उगवतीच्या जागा ठाऊक असणं स्वाभाविक आहे. माझ्या मते हे गोल म्हणजे नुसती थडगी नाहीत, कालमापनाची साधनंही असावीत.

सदू_शंकेखोर

आलं! मला वाटलंच होतं वेधशाळा येणार. ताई, तीनशे गोल, प्रत्येकात पंचवीस-तीस गोटे, काहींवर खळगे. एवढ्या पसाऱ्यात कोणतीही दिशा धरा, काहीतरी जुळतंच. माझ्या घराचा सज्जा संक्रांतीच्या सूर्याकडे तोंड करून आहे. बिल्डर खगोलशास्त्रज्ञ नव्हता, त्याला पार्किंग काढायचं होतं.

नीलाक्षी

तुमचा सज्जा कोणी थडग्यावर बांधलेला नाही. निदान तशी आशा आहे. मी "असावीत" म्हटलंय, "आहेत" नाही. आणि खळगे उगाच कोणी कोरत नाही, डोलेराइट हा काळा टणक दगड, तो काय खडू आहे?

मुरूम_माती

दोघांच्या मध्ये पडतो. खळगे मुद्दाम केलेले आहेत यावर वाद नाही. अर्थावर आहे. मला सदूंचा आक्षेप पटतो, पण आक्षेप तपासायलाही खळगे जागेवर आणि गोटे मूळ दिशेला असावे लागतात. गोटा गिट्टीच्या खाणीत गेला की तुम्हीही बरोबर आणि त्याही बरोबर.

लिफीकाठचा_बंड्या

आयर्लंडमधून. इथे न्यूग्रेंज नावाचं दगडामातीचं प्रचंड थडगं आहे, साधारण पाच हजार वर्षांपूर्वीचं. तिथे सूर्याचा मामला खरंच आहे. २१ डिसेंबरच्या आसपासचे काही दिवस उगवत्या सूर्याचा किरण दारावरच्या फटीतून थेट आतल्या दालनात जातो. आत जाऊन पाहायला चिठ्ठ्या टाकतात. मी दर वर्षी नाव देतो, दर वर्षी हुकतं. आणि लागलं तरी आयर्लंडमधलं डिसेंबरचं आभाळ, सूर्य येईलच याची खात्री नाही.

पण मुद्दा वेगळा. १६९९ साली जमीनमालकाचे मजूर रस्त्यासाठी तिथले दगड उपसत होते, तेव्हा आत जायचं तोंड सापडलं. म्हणजे तिथेही प्रकरण गिट्टीवरूनच सुरू झालं. संत्राबर्फी, तुमचा जेसीबीवाला मोठ्या परंपरेतला आहे.

पटवारीपुत्र

धाग्यावर सगळे आहेत, मूळ प्रश्नातला सातबारा कोणी वाचलेला नाही. वडील पटवारी होते, मी वकिली करतो, त्यामुळे जेवढं पक्कं ठाऊक आहे तेवढं लिहितो.

वावरात जुना अवशेष आहे म्हणून जमीन आपोआप सरकारजमा होत नाही. केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा आहे. केंद्राला एखादी जागा संरक्षित म्हणून घोषित करायची तर आधी अधिसूचना निघते आणि हरकती घ्यायला दोन महिने मिळतात. घोषित झाल्यावर मात्र १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी. ही अंतरं कायद्यात २०१० मध्ये पक्की झाली. लोक याच गोष्टीला घाबरतात आणि रात्रीतून गोटे हलवतात. भीती अगदीच पोकळ नाही. ज्यांना तिथे घर, लेआउट, ढाबा टाकायचा आहे त्यांना झळ बसते. संत्र्याच्या झाडांना १०० मीटरचा हा नियम कशाला लागेल? तो बांधकामाचा आणि खाणकामाचा आहे.

आता खालच्या वस्तू. १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे. जमिनीत लपलेली १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवलं तर गुन्हा.

कटिंग_चाय

१० रुपये! म्हणजे दादाच्या वावरात माझं कटिंग पुरून ठेवलं तरी कळवावं लागेल.

आडवाट

खाली सोनं असतं का हो? सहज विचारतोय.

मुरूम_माती

"सहज" विचारणारेच रात्री कुदळ घेऊन येतात. चिडून लिहितोय, माफ करा. सोन्याच्या वस्तू या थडग्यांत अगदी मोजक्या मिळाल्यात, त्याही बारीक दागिन्यांच्या. बहुतेक गोलांत गंजलेलं लोखंड, फुटकी भांडी आणि हाडांचा चुरा. चोराला यातलं काही विकता येत नाही. तो ढीग विसकटतो आणि निघून जातो. मी पाहिलेल्या निम्म्या गोलांच्या मधोमध असा खड्डा आहे. संत्राबर्फी यांनी गावाचं नाव लिहिलं नाही ते फार बरं केलं. फोटो टाकलात तर त्यातून जागेची माहिती काढून टाका.

आडवाट

मी खरंच सहज विचारलं होतं. पुण्यात राहतो, कुदळ नाही.

मुरूम_माती

तुमच्यावर रोख नव्हता. राग दुसऱ्यावरचा होता.

भामरागडचा_मास्तर

उशिरा आलो, रेंज नव्हती. सगळे या लोकांबद्दल "कोण होते कोणास ठाऊक" अशा सुरात लिहितायत. तुमच्या गोलवाल्यांचे हे वंशज, असं मी अजिबात म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण मेलेल्यासाठी दगड उभा करणं म्हणजे काय हे पाहायचं असेल तर आमच्याकडे या. इथले माडिया आदिवासी आजही उभे करतात. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांचा दगड आणायला गेलो होतो. योग्य दगड शोधण्यात अर्धा दिवस गेला, तीन नापसंत झाले. का, ते मला कळलं नाही. त्यांना कळत होतं. उचलून आणताना कोणी गंभीर नव्हतं. थट्टा चालली होती, बहुतेक आजोबांचीच.

तेव्हापासून असा गोल पाहिला की मला शांतता वगैरे जाणवत नाही. तीस-चाळीस माणसं घाम गाळत एकमेकांवर ओरडताना दिसतात. "इकडून धर, अरे पाय सांभाळ."

डोंगरवेडा

मास्तर, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा.

वऱ्हाडी_ठेचा

+१

अन् त्यातला एक जन नक्कीच म्हनत असन, "काहून एवढा मोठा आनला बे, लहान चालला असता."

सदू_शंकेखोर

मास्तरांच्या प्रतिसादाला माझ्याकडे शंका नाही. नोंद घ्यावी.

मात्र मी शेतकऱ्याची बाजू धरली होती, तर हिशेबही मीच करतो. सतरा पावलं म्हणजे धरा १२ मीटर व्यास. क्षेत्र सुमारे ११३ चौरस मीटर. संत्र्याचं अंतर ६ बाय ६ मीटर धरलं तर एका झाडाला ३६. म्हणजे गोलात बसतात तीन झाडं. मुळं आणि ट्रॅक्टरच्या वळणासाठी भोवती आणखी तीन मीटर सोडले तरी एकूण नुकसान सात झाडांचं. त्यात ती जागा दगडगोट्यांनी भरलेली, तिथे झाड धड आलंही नसतं. एवढ्यासाठी जेसीबीचं भाडं देणं हा तोट्याचा व्यवहार आहे. मी बाजू बदलली.

नीलाक्षी

सदू यांनी बाजू बदलली!! आज कोणती तिथी आहे? सज्ज्यातून सूर्य पाहा जरा.

पटवारीपुत्र

आणि जेसीबीवाला भाडं घेणार, वर गोटेही नेणार. गिट्टीचा भाव माहीत आहे ना? दादाला विचारा, नक्की कोण कोणाला पैसे देतंय.

संत्राबर्फी

धागा काढून बारा दिवस झाले, प्रतिसाद वाचत होते पण लिहायला आज बसले. सगळ्यांचे आभार. झालं ते सांगते.

सदू यांचा हिशेब दादाला जसाच्या तसा दाखवला. तो म्हणाला, "सात झाडं म्हंजे सात झाडं. वरून मले ठिबकची नळी वळवाची." इसवी सनापूर्वीचे घोडे त्याने मान डोलावून ऐकले. जेसीबीच्या भाड्याजवळ मात्र थबकला. त्याने फोन करून विचारलं, तर समोरचा लगेच म्हणाला, "भाडं राहू द्या, गोटे न्यायचे तेवढे बोला." तिथे दादाचं डोकं सटकलं. इतके दिवस भाडं सांगून गोटे फुकट नेणार होता तर!

एका कार्यालयातही जाऊन आले. नाव लिहीत नाही. "साहेब दौऱ्यावर आहेत, अर्ज देऊन जा." अर्ज दिला, पोच घेतली. पुढे काय होतं ते होईल.

पण खरी गोष्ट संध्याकाळी कळली. मोठी आई, म्हणजे दादाची आई, चौऱ्याऐंशी वर्षांची. खाटेवर बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "थे गवळ्यायचं हाये. माह्या सासूनं सांगतलं होतं, तिथून तिफन नाही न्यायची, वळसा घ्यायचा." कोणते गवळी, कधीचे, काही सांगता येईना. तिच्या सासूलाही कोणीतरी असंच सांगितलं होतं. मी दादाकडे पाहिलं. तो लहानपणापासून ट्रॅक्टर तिथून वळवूनच नेतो, मीच पाहिलेलं आहे. "काहून वळवत होता मग?" तर म्हणे, "बाबा वळवत होते म्हनून."

सध्या नळी वळवायचं ठरलंय. अट अशी की सात झाडांच्या बदल्यात दर हंगामात दोन पेट्या मी विकत घ्यायच्या, बाजारभावाने.

हो, नीलाक्षी, दक्षिणेकडच्या एका गोट्यावर खळगे आहेत. पाच. सरळ रेषेत. लहानपणी आम्ही त्यात डाळ-भात वाढायचो.

नीलाक्षी

पाच!!! फोटो, फोटो, फोटो.

सदू_शंकेखोर

पाच बिंदूंतून रेषा काढली की ती कुठेतरी जातेच, एवढंच आगाऊ नोंदवून ठेवतो.

मुरूम_माती

फोटो वरून सरळ घ्या, सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, म्हणजे खळग्यांत सावली पडेल. उत्तर दिशा दाखवा आणि मोजपट्टी शेजारी ठेवा. खडूने खळगे भरू नका, पाण्याने घासू नका. अर्जालाही तोच फोटो जोडा.

संत्राबर्फी

मोजपट्टी दादाने कुठेतरी ठेवली आहे, सापडत नाही. चप्पल ठेवली तर चालेल?

मुरूम_माती

चालेल. चपलेचा नंबर लिहा.